कल्याण बंदर आणि घरातील जुने दप्तर

कल्याण म्हटले की आज प्रथम रेल्वेचे जंक्शन डोळ्यांपुढे येते. लोकलच्या गर्दीत उभे असताना हे गाव एके काळी परदेशी गलबतांस ठाऊक असलेले बंदर होते, याची आठवण कोणास होत असेल? परंतु ह्या नगरीचे भाग्य घडविले ते पाण्याने. आणि ते आपणांस कळले ते कोणी ना कोणी काही लिहून ठेवले म्हणून. स्मरणिकेच्या निमित्ताने ह्या दोन गोष्टी ज्ञातिबांधव-भगिनींपुढे ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.

प्रथम भूगोल पाहू. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूर यांवरून कल्याणास येते. येथवर भरतीचे पाणी चढते व नदीची खाडी होते. पुढे डोंबिवलीच्या अंगाने ती ठाण्याच्या उत्तरेस जाते. तेथून एक फाटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीकडे वळतो, तर मुख्य प्रवाह घोडबंदरावरून वसईपाशी समुद्रास मिळतो. दुसरीकडे जुन्नरची वाट नाणेघाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणास येते. देशावरचा माल जनावरांच्या पाठीवरून येथे उतरावा आणि ओहोटीबरोबर गलबतांतून समुद्राकडे जावा, अशी ही जागा आहे. उघड्या दर्याच्या तुफानापासून दूर असूनही दर्याशी जोडलेली, हेच कल्याणचे बळ होय.

ह्या बंदराचा जुना पुरावा साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेला आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील तेथील शिलालेखांत दान देणारे कल्याणचे अनेक रहिवासी भेटतात. त्यांत व्यापारी आहेत, तसा स्वामिदत्त नावाचा एक सोनारही आहे. त्याने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके दिले. तो ना राजा, ना सेनापती. तरीही त्याचे नाव, गाव व धंदा आज आपणांस ठाऊक आहे. कारण ते दगडावर लिहिले गेले.

पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणची दुरवस्थाही नोंदलेली आहे. सत्तांच्या झगड्यात हे बंदर अडविले गेले होते आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. तरी कल्याण बुडाले नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या लेखकाने येथून तांबे, शिसवी लाकूड व कापड परदेशी जात असल्याचे लिहिले आहे.

पुढे 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. 1659 च्या सुमारास येथे लढाऊ जहाजे बांधली जात असल्याची वार्ता पोर्तुगीजांच्या कागदपत्रांत आढळते. मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ ह्या खाडीच्या काठी झाला, आणि दुर्गाडीचा किल्ला आजही त्या पाण्यावर नजर ठेवून उभा आहे. 1739 मध्ये वसई सर झाली व पेशवाईत कल्याण हे सुभ्याचे ठाणे म्हणून नांदले.

मग आगगाडी आली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली आणि 1854 च्या मे महिन्यात लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणास पोहोचला. येथूनच एक मार्ग थळ घाटाकडे व दुसरा बोरघाटाकडे फुटला. घाटांच्या वाटा एकत्र आणणारी कल्याणची जुनी जागा लोखंडी रुळांनीही मान्य केली. मात्र गलबतांची गरज सरली. गावाचे तोंड स्थानकाकडे झाले, आणि खाडी मागील दाराशी राहिली.

परंतु पाणी आपली वाट विसरत नाही. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत उल्हास नदीने बदलापूर-कल्याणच्या सखल वस्त्यांस त्याची आठवण करून दिली. त्या पुरात आमच्या घरातील मोडी कागदांची एक पेटी भिजली. कागदांचा लगदा झाला. त्यांत काय होते हे आम्हांस सांगता येत नाही. कारण पेटी कोरडी होती तेव्हाही घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते. खरे नुकसान पुराच्या आधीच झाले होते, हे कबूल करणे आम्हांस भाग आहे.

आपली ज्ञाती लेखणीवर वाढली. बाळाजी आवजी चिटणीसांचे नाव आपण मेळाव्यांत अभिमानाने घेतो. परंतु पूर्वजांच्या लेखणीचा गौरव करावा आणि त्यांनी लिहिलेले कागद माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन करावेत, ह्याला वारसा कसे म्हणावे? शिवाय त्या कागदांत केवळ आपल्या कुळाचा मोठेपणा नसतो. शेतीचा सारा, वाड्याचा खर्च, कोळ्यांशी, आगऱ्यांशी, कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांशी झालेला व्यवहार त्यांत असू शकतो. कल्याणचा इतिहास ह्या सर्वांचा आहे, आणि तो आपल्या पेट्यांत अडकून पडला असेल तर मोकळा करणे हे आपले कर्तव्य होय.

त्यास फारसा खर्च नाही. कागद उन्हात न टाकता कोरड्या जागी ठेवावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि सांभाळणे जमत नसेल तर ते जाणत्या संस्थेकडे सोपवावेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून हेच कार्य करीत आले आहे. प्रत्येक घरातील एका तरी तरुणाने मोडी शिकावी, असा संकल्प आपण ह्या वर्षी करू या.

स्वामिदत्ताने टाके दिले आणि नाव कोरून ठेवले. त्याच्या शेजाऱ्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. आपण कोणाच्या पंक्तीस बसावयाचे, हे अजून आपल्या हाती आहे.