फोन कधी बदलतो : घनसावंगी तालुक्यातील मोबाईलची पारख

घनसावंगी हा जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, गोदाकाठचा तालुका. कापूस, मोसंबी आणि ऊस ही इथली पैसा देणारी पिके. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी घरे थोडी. बाकीच्यांच्या हातात रोकड येते ती कापूस विकल्यावर, मोसंबीचा बाग व्यापाऱ्याला दिल्यावर किंवा कारखान्याने उसाचे बिल काढल्यावर. त्यामुळे नव्या फोनची खरेदीही बैल, मोटार किंवा ट्रॅक्टरच्या हप्त्याप्रमाणे बराच काळ पिकाच्या पैशाशी बांधलेली होती. मात्र पैसा आला म्हणून फोन बदलला, एवढ्यावर हा इतिहास संपत नाही. दर पिढीत नवा फोन हातात घेतल्यावर गिऱ्हाईक आधी काय बघते, हे बदलत गेले. आणि जुना फोन बाजूला पडण्याची कारणे बहुतेक वेळा त्या फोनच्या बाहेरची होती.

मोबाईलच्या आधी मुळात फोनच दुर्मिळ होता. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे टपाल खातेही वेगळे होते. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे गावाकडचा निरोप पोस्टकार्डाने आणि वाईट बातमी तारेने येत असे. तारवाला दारात आला की घरात रडारड सुरू होई, मग तारेत काहीही असो. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाला, तरी परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तासन्‌तास थांबावे लागे. तार सेवा अखेर जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर तिची आठवण काढणारेही थोडेच उरले होते.

ग्रामीण भागात फोन पोहोचवणारे पहिले मोठे पाऊल म्हणजे सी-डॉट या सरकारी संस्थेने बनवलेले छोटे स्वयंचलित एक्स्चेंज. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १२८ लाइनींचे यंत्र तयार केले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते पहिल्यांदा बसले. धूळ, ऊन आणि विजेचा लपंडाव सोसणारे, वातानुकूलित खोली न मागणारे हे यंत्र होते. मराठवाड्यासारख्या प्रदेशाला तेच हवे होते. पुढच्या दशकात पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ आले. काचेच्या खोलीत फोन, समोर लाल आकडे पळवणारे मीटर आणि बाहेर रांग. रात्री उशिरा दर पाव होत असल्याने पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोराशी बोलायला माणसे जेवणे उरकून येत. नंतर किराणा दुकानांच्या दारात रुपया टाकून बोलायचे कॉइन बॉक्स लटकले. या काळात फोनची पारख करण्याचा प्रश्नच नव्हता. फोन दुसऱ्याचा होता, आपला फक्त रुपया.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो केला. तेव्हाचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात जाई आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. असा फोन खेड्यात येणे शक्यच नव्हते. चित्र पालटले ते २००२-०३ मध्ये. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस रिलायन्स उतरली आणि मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. या शेवटच्या निर्णयाचे महत्त्व फार मोठे आहे. ज्याला रिचार्ज परवडत नाही, त्यालाही फोन बाळगणे परवडू लागले, कारण फोन बाळगायचा तो आलेले कॉल घेण्यासाठी. करण्यासाठी मिस कॉल होताच.

रिलायन्सच्या सुरुवातीच्या सीडीएमए फोनमध्ये वेगळे सिम नसे. नंबर फोनातच कोंबलेला. स्वस्तात बोलायला मिळाले, पण गावात त्या कंपनीची रेंज कमी पडली तर फोनच बदलावा लागे. ‘रेंज कोणाची आहे?’ हा प्रश्न तेव्हापासून इथल्या खरेदीत पहिला आला आणि आजही तो दुकानात विचारला जातो. जानेवारी २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. त्यानंतर रेंजसाठी नंबर सोडण्याची पाळी तरी टळली.

याच काळातला नोकिया ११०० हा फोन समजून घेतल्याशिवाय ग्रामीण गिऱ्हाइकाची पारख कळत नाही. २००३ मध्ये आलेल्या या फोनला कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. होती ती डोक्यावर टॉर्च, धूळ आत जाऊ न देणारा रबरी कीपॅड आणि कित्येक दिवस पुरणारी बॅटरी. जगभरात हा फोन सुमारे २५ कोटी विकला गेला. २००५ च्या सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन होते. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळे. मोसंबीला पाणी द्यायला मध्यरात्री शेतात जाणारा माणूस पाऊलवाटेवर साप-विंचू बघणार तो याच टॉर्चच्या उजेडात. म्हणून नवा फोन हातात आला की आधी टॉर्च लावून बघायची, मग आवाज, मग बॅटरी किती दिवस टिकते ते विचारायचे. कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा ही कसोटी कितीतरी कडक होती. फोन आणि शेतीपंप यांचे नाते पुढे आणखी घट्ट झाले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवले आणि २००९ मध्ये त्याला नोकियाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. आज अशी यंत्रे अनेक कंपन्या विकतात. स्टार्टरच्या पेटीत सिम बसते आणि घरी बसून मोटार सुरू होते; वीज आलेली असली म्हणजे.

नोकियावरचा विश्वास किती होता, हे ऑगस्ट २००७ मध्ये दिसले. बीएल-५सी नावाच्या बॅटरीतील एका तुकडीत दोष असल्याचे कंपनीने जाहीर केले. जगभरच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा तो प्रश्न होता. लोकांनी मागचे झाकण काढून बॅटरीवरचे आकडे तपासले, पण फोन फेकले नाहीत. बॅटरी हाताने काढता येत होती, म्हणून फोन बदलण्याऐवजी बॅटरी बदलण्याचा विचार करता आला. पुढे फोनची पाठच बंद झाली आणि ही सोय संपली.

२००८ ते २०१२ हा काळ गाण्यांचा आणि दुहेरी सिमचा. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा यांचे फोन आणि त्याआधी बिननावाचे ‘चायना मोबाईल’ बाजारात आले. मायक्रोमॅक्सचा पहिलावहिला फोन महिनाभर टिकणाऱ्या बॅटरीच्या जोरावरच खेड्यांत शिरला. चायना मोबाईलचा आवाज तर लग्नातल्या बाजासारखा. दुकानदार संगणकाला कार्ड जोडून पाच-दहा रुपयांत गाणी भरून देत. लोकगीते, भक्तिगीते, हिंदी सिनेमाची गाणी असा सगळा माल दोन जीबीच्या कार्डात मावे. त्या दिवसांत नवा फोन बघताना गिऱ्हाईक ‘स्पीकर किती आहेत?’ असे विचारी. पण या फोनांत बऱ्याचदा प्रत्येक फोनची ओळख पटवणारा आयएमईआय क्रमांक नसे आणि १ डिसेंबर २००९ पासून असे फोन नेटवर्कवरून बंद करण्यात आले. चालू असलेला फोन सरकारी आदेशाने एका रात्रीत मुका होतो, हा अनुभव देशभरच्या लाखो वापरकर्त्यांना तेव्हा पहिल्यांदा आला.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणात वाळल्या. टँकरने पाणी घालून झाडे जगवण्याची धडपड करणाऱ्या घरांत नवा फोन घेण्याचा विषय निघणे शक्य नव्हते. शहरांत ‘टचचा मोबाईल’ सर्रास झाला, तरी खेड्यात बटनाचा फोन टिकून राहिला, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण भाषेचे. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. ही अडचण अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्यांत दूर झाली आणि मराठी कीबोर्ड आले, तेव्हाच व्हॉट्सअॅप खऱ्या अर्थाने गावात पोहोचले. २०१४ मध्ये मोटोरोला आणि शाओमी यांनी स्वस्त स्मार्टफोन ऑनलाइन विकायला सुरुवात केली. त्यातला रेडमी १एस ५,९९९ रुपयांना होता. ऑनलाइन सेल काही सेकंदांत संपत, म्हणून त्यातले फोन जास्त पैसे मोजून दुकानदाराकडून घेणारेही बरेच होते.

सगळ्यात मोठी उलथापालथ ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाल्यावर झाली. जिओचे नेटवर्क फक्त फोर-जीचे होते. थ्री-जी फोन कितीही नवा असला तरी त्यात हे सिम चालत नव्हते. डेटा मोफत, पण फोन नवा, असा तो सौदा होता. सहा महिने फुकट इंटरनेट मिळाल्यावर कोणी मागे फिरणे शक्य नव्हते. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली आणि ऐन कापसाच्या हंगामात रोकड आटली. तरी मागणी थांबली नाही, पुढे ढकलली गेली एवढेच. ज्यांना स्मार्टफोन नको होता, त्यांच्यासाठी २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन बटनाचा जिओफोन आला. बटने हवीत आणि व्हिडिओही हवेत, अशा वडीलधाऱ्यांना तो बरा वाटला.

त्यानंतर फोन बदलण्याची कारणे ॲपमधून येऊ लागली. व्हॉट्सअॅपने नोकियाच्या एस४० फोनांना २०१८ च्या अखेरीस, तर अँड्रॉइड २.३ च्या फोनांना फेब्रुवारी २०२० मध्ये रामराम ठोकला. ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालचे फोनही बाद झाले. फोन धडधाकट, बॅटरी ठीक, पण ज्यासाठी तो घेतला ते ॲपच उघडत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली आणि एका घरात दोन मुलांना दोन फोन लागू लागले. राज्याचे त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे तेव्हा घनसावंगीचेच आमदार होते. त्यांच्या मतदारसंघातल्या खेड्यांतही कोरोनाच्या लसीची नोंद कोविन पोर्टलवरच होत होती.

शेतकऱ्यासाठी निर्णायक ठरली ती ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही योजना राज्यभर लागू झाली. तोवर पिकाची नोंद तलाठी करीत असे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पीक लावून घ्यायचे. फोनचा जीपीएस भरकटला तर नोंद अडते. नोंद नसली की पीकविमा आणि अनुदानाच्या वेळी खेटे घालावे लागतात. विम्यासाठी गारपीट किंवा पुराच्या नुकसानीची सूचनाही तेव्हा ७२ तासांत द्यावी लागे, तीही ॲपवर किंवा फोनवर. नव्या फोनकडे बघण्याची नजर यामुळे बदलली. कॅमेरा आता सेल्फीपुरता राहिला नाही. ‘पीकपाहणी होते का याच्यावर?’ हा प्रश्न कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही, पण ग्रामीण महाराष्ट्रात तो अगदी खरा आहे.

स्वस्त फोनचे आयुष्य किती, याचा धडा राज्यातील अंगणवाडी सेविकांनी दिला. पोषण अभियानात त्यांना २०१९ च्या सुमारास सरकारकडून स्मार्टफोन मिळाले. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले आणि दोन जीबी रॅमच्या त्या फोनांवर ते पेलेना. फोन तापत, अडकत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच माथी. शिवाय ॲपची भाषा इंग्रजी. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी मोर्चे काढून हे फोन कार्यालयांत परत केले. दोन वर्षांपूर्वी डब्यातून काढताना हेच फोन चकचकीत दिसले होते.

आज तालुक्याच्या गावापासून कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरीसारख्या बाजारपेठेच्या गावांपर्यंत स्मार्टफोन ही नेहमीची वस्तू झाली आहे. दुकानात फोन उघडला की आधी तो हातात तोलून बघतात, मग कॅमेरा, मग रॅम आणि ‘स्टोरेज किती?’. लगेच ग्लास मारून कव्हर चढवले जाते आणि ज्या पाठीच्या रंगावर पाच मिनिटे घोळ घातला, ती पाठ कायमची झाकली जाते. दसरा आणि दिवाळी-पाडवा हे विक्रीचे मुख्य दिवस. आता बरेचसे फोन फायनान्सवर जातात. त्यामुळे खरेदी पिकाच्या पैशाची वाट बघत नाही, पण हप्ता महिन्याला येतो आणि पीक वर्षाला, हे गणित अनेकांना नंतर जड जाते. एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाल्याने स्वस्त फोनची किंमतही वर सरकली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी आले. जिओच्या वेळी जुना फोन निकामी झाला होता, तसे या वेळी झाले नाही. फोर-जी फोन पूर्वीसारखेच चालू राहिले. म्हणून केवळ फाइव्ह-जीसाठी फोन बदलणे हे इथे गरजेपेक्षा हौसेचेच जास्त आहे. नव्या फोनच्या पहिल्या दर्शनात जे दिसत नाही, ते म्हणजे त्याला अपडेट किती वर्षे मिळणार. महागड्या फोनांना २०२३-२४ पासून सात वर्षांचे वचन मिळू लागले आहे आणि सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ सारख्या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षे दिली. अगदी स्वस्त फोनांना मात्र दोन-तीन वर्षांपलीकडे फारसे काही मिळत नाही. बॅटरी सुमारे ५०० वेळा पूर्ण भरल्या-रिकाम्या झाल्यावर तिची ताकद पाचव्या हिश्श्याने कमी होते, आणि ती बदलून घेण्याचा खर्च नव्या फोनच्या मानाने किरकोळ असतो. सुरक्षेचे अपडेट येत असतील, बँकेचे व पीकपाहणीचे ॲप चालत असेल आणि रेंज धरत असेल, तर फोन बदलण्यापेक्षा बॅटरी बदलणे शहाणपणाचे. यातली एक जरी गोष्ट थांबली, तर मात्र फोन बदलावा. आणि जुना घेणार असाल तर पैसे देण्याआधी ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे व त्यापुढे फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक लिहून १४४२२ वर एसएमएस करावा, म्हणजे तो क्रमांक बंद केलेला किंवा बनावट आहे का ते कळते.