छत्तीस चित्रांची शिदोरी

ढोकीच्या स्टेशनावरून पूर्वी बार्शी लाईट रेल्वेची चिमुकली गाडी अडीच फुटी रुळांवरून लातूरकडे जाई. हा मार्ग १९११ साली लातुरास पोहोचला. २००७-०८ च्या सुमारास रुंद रूळ आले आणि ती गाडी आठवणींत व छायाचित्रांत तेवढी उरली.

अशी चित्रे पाहिली म्हणजे जुन्या, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचे मोल आम्हांस कळते. ऑलिंपसचा ‘ट्रिप ३५’ १९६७ साली निघाला व १९८४ पर्यंत बनत राहिला. त्यास बॅटरी लागत नाही. भिंगाभोवतीचा सेलेनियमचा पट्टा उजेडावरच वीज निर्माण करतो. उजेड अपुरा असला तर आत लाल खूण वर येते व खटका दबत नाही. म्हणूनच तो आजही कामास येतो.

रोलात चित्रे मात्र छत्तीसच. शेजारच्या तेरला त्रिविक्रम मंदिराच्या विटांच्या गजपृष्ठासमोर उभे राहिले, की बोट आपोआप थबकते. ऊन कोठून येते, कोणती बाजू टिपावी? हे थबकणे म्हणजेच निरीक्षण होय.

परंतु नुसत्या हौसेने इतिहास राखला जात नाही. दमट पेटीत निगेटिव्हला बुरशी लागते. आणि पाठीवर नाव-गाव नसेल, तर घरचाच फोटो नातवास परका होतो. तेव्हा श्रोतेहो, जुना कॅमेरा अवश्य हाती घ्यावा. पण त्याआधी घरच्या निगेटिव्ह कोरड्या डब्यात ठेवाव्यात, आणि वडीलधाऱ्यांस विचारून प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. गाडी गेली, तिची ओळख सांगणारी माणसे अजून आपल्यांत आहेत.