भयाची भागीदारी

पाचगणीच्या टेबललँडच्या दक्षिण अंगाला काही गुहा आहेत. पांडव येथे काही काळ राहून गेले, असे परंपरा सांगते. पर्यटकांना मात्र त्या 'डेव्हिल्स किचन' या नावाने दाखविल्या जातात. अंधार एकच, कोणाला तो पांडवांचा मुक्काम वाटतो, कोणाला सैतानाची चूल. मराठी भयकादंबरीचा विचार करताना आम्हांला ही जोडनावे हटकून आठवतात. या कादंबरीवरचा जुना आक्षेपही नावासंबंधीचाच आहे: भूत परके आहे, नाव तेवढे मराठी ठेवले आहे.

आक्षेपात तथ्य नाही असे नाही. नारायण धारप (१९२५-२००८) यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे, आणि 'शपथ' त्याच्याच 'इट' (१९८६) या कादंबरीवर. 'सालेम्स लॉट'च्या मागे पुन्हा ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' (१८९७) उभा आहेच. म्हणजे उसनवारीची ही साखळी लांब आहे आणि धारप तिच्यातली एक कडी आहेत. एवढे ऋण नोंदविले की प्रकरण संपले, असे आमच्या वर्गांतून बहुधा मानले जाते. आम्ही स्वतःही बराच काळ तसेच शिकविले. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या आणि पिढ्यांना रात्री जागविणाऱ्या लेखकाविषयी विद्यार्थ्यांना सांगायला आमच्यापाशी एक 'आधारित' हा शब्द तेवढा होता.

परंतु शीर्षकांकडे पाहावे. किंगने आपल्या कादंबरीला एका सर्वनामाचे नाव दिले. जिला नाव देता येत नाही, त्या वस्तूकडे ते बोट दाखविते. धारपांनी ते बोट वळविले. 'शपथ' हे भयवस्तूचे नाव नव्हे. लहानपणी एकत्र घाबरलेल्या आणि गरज पडली तर पुन्हा एकत्र येऊ असे एकमेकांना वचन दिलेल्या मुलांच्या नात्याचे ते नाव आहे. ही शपथ मूळ कादंबरीतही आहे. पण तिला मुखपृष्ठावर आणणे हा मराठी लेखकाचा निर्णय आहे, आणि आमच्या मते तो वाङ्मयीन निर्णय आहे. धारपांच्या समर्थकथांतही हेच सूत्र आढळते. पछाडलेला माणूस आधी एकटा असतो, कारण त्याचे कोणी खरे मानीत नाही. समर्थ प्रथम त्याचे सांगणे ऐकून घेतात. मंत्र-तंत्र, उपाय हे सारे नंतरचे. सुटकेची सुरुवात भय वाटून घेण्यापासून होते.

भयात आनंद कसा, हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्राला नवा नाही. भयानक रसाच्या आस्वादाची चर्चा करताना अभिनवगुप्ताने 'शाकुंतला'तील दुष्यन्ताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. ते भय ना या हरणाचे, ना प्रेक्षकाचे, ना आजचे, ना कालचे. स्थळकाळाच्या बंधनातून सुटल्यामुळेच ते आस्वाद्य होते. साधारणीकरणाचा हा भाग आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पण त्याच विवेचनात पुढे आलेला विचार सहसा वगळला जातो: सभेतील सर्व सामाजिकांची प्रतीती एकरूप, घनदाट झाली म्हणजे रसाचा परिपोष अधिकच होतो. 'साधारण' या शब्दात 'सर्वांचे, सामाईक' हा अर्थ अक्षरशः आहे. एकत्र घाबरण्यात जी गोडी आहे, तिची याहून नेमकी मांडणी आम्हांला माहीत नाही.

लोककथेला हे शास्त्राविना ठाऊक होते. वेतालपंचविशीतला वेताळ राजाला घाबरवून पळवीत नाही. त्याच्या खांद्यावर बसून त्याला गोष्टी सांगतो. रात्री दाराशी येऊन नावाने पुकारणाऱ्या हाकामारीच्या समजुतीतही तेच दिसते. ओ द्यायची नाही, हा नियम एकट्याने पाळून भागत नाही. घरातल्या प्रत्येकाला तो माहीत असावा लागतो. हृषीकेश गुप्ते यांनी अलीकडच्या आपल्या एका पुस्तकाला 'हाकामारी' हेच नाव दिले, यात आम्हांला परंपरेचा धागा दिसतो.

हा धागा किती चिवट आहे, याचा दाखला 'तुंबाड' या चित्रपटाने दिला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितल्याप्रमाणे, १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा सांगितली होती. वाचलेली नव्हे, ऐकलेली कथा. त्या भयातून उगवलेला चित्रपट २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. घरबसल्या पाहता येणारा चित्रपट पाहण्यासाठी लोक तिकीट काढून अंधाऱ्या सभागृहात अनोळखी माणसांशेजारी जाऊन बसले. अभिनवगुप्ताला यात नवल वाटले नसते.

कादंबरीचे मात्र तसे नाही. ती एकट्यानेच वाचावी लागते. तिला सभा मिळवून दिली ती भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांनी. कोपरे दुमडलेली, शिवण सुटलेली प्रत हातात आली की आपल्याआधी कितीजण याच पानावर दचकले असतील, हे कळत असे. ती वाचनालये एकेक करून मिटत आहेत. नवी भयकादंबरी अधिक सफाईने लिहिली जाईलही. तिच्याभोवती घाबरणाऱ्यांचे वर्तुळ कोठून यायचे, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना भिलार लागते. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाच्या कल्पनेवरून ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झाले. आरंभी २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तके ठेवण्यात आली. तेथे पुस्तक विकत घ्यायचे नसते; गावकऱ्यांच्या घरी, त्यांच्या ओसरीवर बसून वाचायचे असते. ही कल्पनाही परकीच, पण स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या घरांनी ती आपली केली. पावसाळ्यात या डोंगरावर धुके उतरते आणि हातभर अंतरावरचे दिसेनासे होते. अशा वेळी तिथल्या एखाद्या ओसरीवर धारपांचे पुस्तक उघडून चारजणांनी आळीपाळीने मोठ्याने वाचावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सुचवितो. मूळ कादंबरी कोणती, याची चर्चा नंतर करता येईल. आधी आपण कोणाकडे सरकून बसलो, ते पाहावे.