छळाला कलम नव्हते तेव्हा

भिलाईत राहून कोर्टाची हिंदी वाचताना मराठी माणूस ‘प्रताड़ना’ या शब्दाशी अडखळतो. आपली ‘प्रतारणा’ म्हणजे फसवणूक. इथे तो छळ. मराठीत जाच, सासुरवास असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या होते. दंडसंहितेत मात्र १९८३ पर्यंत त्यासाठी स्वतंत्र कलमच नव्हते.

१९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा सायनाइडने मरण पावली. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिची घुसमट होती. सत्र न्यायालयाने नवऱ्याला खुनाबद्दल फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कुठे तुटता कामा नये, हे सांगणारी न्यायमूर्ती फझल अलींची ‘पंचशील’ तत्त्वे आजही वकिलांच्या तोंडी असतात. आणि ज्या पत्रांवर फिर्यादी पक्षाची भिस्त होती, त्यांतच त्यांना आत्महत्येची शक्यता दिसली! अनुवादकाच्या धंद्यात एकाच मजकुराचे दोन अर्थ रोजचे. इथे त्यांच्यामध्ये फाशीचा दोर होता.

निकाल कायद्याने बरोबर होता, असे मला वाटते. तरी फाशी नाही तर थेट घरी, हे खटकतेच. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा गुन्हा तेव्हाही होता. पण रोजच्या जाचाची मोजदाद करणारे कलम ४९८-अ आले १९८३ च्या डिसेंबरात, अपील प्रलंबित असताना. मागच्या कृत्याला ते लागू होणे शक्य नव्हते. त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब आले: किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप.

मग वाद ‘किती’चा झाला. १९९४ मध्ये हरियाणातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून जन्मठेप दहा वर्षांवर आणली. या कलमात मृत्यूशी संबंध कायद्याने गृहीत धरला जातो, म्हणून जन्मठेप क्वचितच द्यावी, असा त्यामागचा विचार.

दुर्गच्या सत्र न्यायालयाची अशी अपिले २००० पूर्वी जबलपूरला जात, आता बिलासपूरला. पुष्कळदा वकील शेवटी दोषाबद्दल बोलतच नाहीत. भोगलेली कैद पुरेशी मानावी, एवढेच मागतात. त्या मागणीत बाईचे पत्र कुणी पुन्हा उघडत नाही.