कटाहद्वीप आणि अंदमानचा समुद्र

प्राचीन ग्रंथांतील स्थलनिर्णय करतांना कोशावर जितका भर दिला जातो तितका समुद्राच्या रचनेवर दिला जात नाहीं. सोमदेवाच्या कथासरित्सागरांत गुहसेन नांवाचा वणिक् ताम्रलिप्तीहून कटाहद्वीपास व्यापारासाठीं जातो. कोशांत कटाह म्हणजे कढई. येथें मात्र तें मलय द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील केदा होय, याविषयीं विद्वानांत बहुतेक एकमत आहे. परंतु केदा हें बेट नव्हे. मग सोमदेव त्यास द्वीप कां म्हणतो? ‘द्वीप’ हा लेखकप्रमाद मानून पोथीच्या समासांत शुद्धि सुचविण्याचा मोह संग्राहकांस होण्याजोगा आहे, म्हणून हा प्रपंच.

अंदमानच्या समुद्राचें क्षेत्र सुमारें ८ लक्ष चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस इरावतीचीं मुखें, पूर्वेस ब्रह्मदेश, थायलंड व मलय द्वीपकल्प, दक्षिणेस सुमात्रा व मलाक्क्याची सामुद्रधुनी. पश्चिमेस मात्र सलग भूमि नसून बेटांची रांग आहे, आणि तींतून आंत शिरण्याच्या मोठ्या वाटा मोजक्याच: एक उत्तरेस प्रेपारिस बेटाजवळ, दुसरी अंदमान व निकोबार यांमधील सुमारें १५० किलोमीटर रुंदीची, तिसरी थोरलें निकोबार व सुमात्रा यांमधील. चिनी भिक्षु इत्सिंग केदाहून निघून इ. स. ६७३ त ताम्रलिप्तीस पोंचला. वाटेंत त्यास नग्न लोकांचा देश लागला. ते नारळ-केळीं देऊन लोखंड मागत. हें बहुधा निकोबारच. राजेंद्र चोळाच्या तंजावर येथील सुमारें १०३० च्या लेखांतहि कडारम् (केदा) व नक्कवारम् (निकोबार) हीं दोन्हीं नांवें येतात. वाटच ती असल्यावर नांवें सोबत यावयाचींच.

आतां द्वीप शब्द. ‘द्वि’ आणि ‘अप्’, म्हणजे ज्याच्या दोहों बाजूंस पाणी तें. चोहोंकडे पाणी असलेंच पाहिजे असें व्युत्पत्ति म्हणत नाहीं. मलय द्वीपकल्पाच्या पश्चिमेस अंदमानचा समुद्र, पूर्वेस सयामचें आखात, आणि क्रा येथें मधली भूमि अवघी ४४ किलोमीटर रुंद! गलबतावरून येणाऱ्यास ती द्वीपच वाटणार.

ताम्रलिप्ति-कटाह ही वाट केवळ कथेंतली नव्हे. केदाच्या जुन्या मुलखांत १८३४ त सांपडलेल्या, पांचव्या शतकाच्या सुमाराच्या संस्कृत शिलालेखांत रक्तमृत्तिका येथील महानाविक बुद्धगुप्त याचें नांव आहे. १९६२ च्या उत्खननांत मुर्शिदाबाद जिल्ह्यांतील राजबाडीडांगा येथें रक्तमृत्तिका-महाविहाराच्या मुद्रा निघाल्या. तेव्हां ज्यांच्या संग्रहीं कथासरित्सागराची पोथी असेल त्यांनीं गुहसेनाच्या कथेंतील हा पाठ जसा आहे तसाच उतरून घ्यावा, व समासांत कोणी शुद्धि केली असल्यास ती निराळी नोंदावी.