स्क्रीन प्रिंटिंग : इमल्शनचा लेप घरी कसा वाळवावा?

चौकटीवर ताणलेल्या जाळीवर प्रकाशसंवेदी इमल्शनचा लेप देऊन तो अंधारात वाळविणे, हा स्क्रीन प्रिंटिंगमधील महत्त्वाचा टप्पा होय. वाळलेल्या लेपावर पॉझिटिव्ह फिल्म ठेवून प्रकाश दिला जातो. प्रकाश पडलेला भाग कठीण होतो, झाकलेला भाग पाण्याने धुऊन निघतो आणि तेथून शाई उतरते. घरगुती छपाईत फसलेल्या स्क्रीनचे मूळ पुष्कळदा अर्धवट वाळलेल्या लेपात असते.

पूर्वपीठिका

डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन प्रकाशाने कठीण होते, हे फॉक्स टॅलबट यांनी १८५२ मध्ये दाखविले. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीवरील छपाईचे पेटंट घेतले. पुढे या दोन वाटा एकत्र आल्या.

हवामानाचा परिणाम

इंदूरमधील बडा गणपती परिसर सुमारे २५ फूट उंचीच्या मूर्तीमुळे प्रसिद्ध आहे. माळव्याच्या पठारावरील या शहरात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते. पातळ लेप तास-दोन तासांत वाळू शकतो. मात्र गणेशोत्सव येतो भाद्रपदात, म्हणजे ऐन ओलसर दिवसांत. आणि मंडळांच्या पावत्या, पत्रिका, टी-शर्ट यांची मागणी तेव्हाच असते. गोव्यात तर समुद्रसान्निध्यामुळे चवथीच्या सुमारास दमटपणा अधिकच जाणवतो. आधीच बाष्पाने भरलेली हवा लेपातील पाणी फारसे शोषून घेत नाही. त्यामुळे बंद खोलीत केवळ पंखा लावल्याने तीच दमट हवा फिरत राहते.

ओल राहिल्यास काय होते?

लेपात पाणी उरले, तर प्रकाशाने होणारी कठीण होण्याची क्रिया अपुरी राहते. धुताना नक्षीच्या कडा सुटतात, बारीक छिद्रे पडतात, फिल्म लेपाला चिकटते. पाण्यावर आधारित शाईने छापताना असा स्क्रीन मध्येच उखडतो. वरून कोरडा लागणारा लेप आतून ओला असू शकतो, म्हणून केवळ स्पर्शावर विसंबू नये.

योग्य पद्धत

लेप दिल्यावर चौकट आडवी ठेवावी. छपाईची बाजू खाली व स्क्वीजीची बाजू वर असावी. त्यामुळे लेप छपाईच्या बाजूस सारखा बसतो. खोलीत पिवळा दिवा वापरावा, कारण लेप वाळत जातो तशी त्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढते. तापमान ३० ते ४० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता शक्यतो ५० टक्क्यांच्या आत ठेवावी. पावसाळ्यात आर्द्रताशोषक यंत्र किंवा वातानुकूलित खोली उपयोगी पडते. लहान स्क्रीनसाठी झाकणाच्या पेटीत सिलिका जेल ठेवता येते. हेअर ड्रायरचा कडक झोत टाळावा. पृष्ठभागावर साय धरते आणि ओल आतच अडकते.

सोपी परीक्षा वजनाची. धातूची चौकट अर्ध्या-अर्ध्या तासाने संवेदनशील काट्यावर तोलावी. वजन घटणे थांबले की लेपातून आणखी पाणी निघत नाही असे समजावे. मात्र खोलीतील हवाच दमट असेल, तर वजन स्थिर होऊनही काही ओल उरते. म्हणून आर्द्रतामापकही पाहावा. लाकडी चौकट स्वतः पाणी धरून ठेवते, तिला अधिक वेळ द्यावा.

सावधगिरी

स्वस्त असल्याने अमोनियम डायक्रोमेट आजही वापरले जाते. त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असून त्वचेवर व्रण करते. ते स्वयंपाकघरात हाताळू नये आणि त्याचे पाणी विहिरीजवळ किंवा परसात ओतू नये. हातमोजे अत्यावश्यक आहेत. शिवाय डायक्रोमेटचा लेप अंधारातही हळूहळू कठीण होत जातो, म्हणून तो त्याच दिवशी वापरावा लागतो. डायझो इमल्शनचा लेप कोरड्या, अंधाऱ्या जागी अधिक दिवस टिकतो. घरात मुले असतील, तर थोडा जास्त खर्च सोसूनही डायझोचीच निवड करणे हिताचे.