विषाणू, औषध आणि मूत्रपिंडाचं दार

औषधांचा इतिहास आपण बहुधा रोगाच्या बाजूने सांगतो: रोग आला, औषध सापडलं, माणसं वाचली. आज तोच इतिहास मूत्रपिंडाच्या बाजूने पाहू.

१९८० च्या दशकात प्रागचे रसायनशास्त्रज्ञ अँतोनिन होली आणि बेल्जियमचे विषाणुतज्ज्ञ एरिक द क्लर्क यांनी विषाणूंना रोखणाऱ्या रेणूंचं एक नवं घराणं शोधलं. सिडोफोविर, ॲडेफोविर आणि टेनोफोविर ही त्यातली तीन भावंडं. तिघांची खोड एकच. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका हे रेणू रक्तातून भराभर ओढून घेतात. लघवीत सोडणं तितक्या वेगाने होत नाही. मग औषध पेशींत साठतं आणि त्यांनाच इजा करतं.

१९९६ मध्ये अमेरिकेत सिडोफोविरला मान्यता मिळाली. एड्सच्या रुग्णांच्या डोळ्याचा पडदा एका विषाणूमुळे निकामी व्हायचा, त्यावर हे औषध. म्हणजे बघा, दृष्टी वाचवताना मूत्रपिंड पणाला लागायचं. तेव्हा डॉक्टरांनी प्रोबेनेसिड हे जुनं औषध हाताशी घेतलं. पेनिसिलिन लघवीवाटे लगेच निघून जाऊ नये म्हणून ते पूर्वी देत. ते नलिकेत शिरायचं दारच अडवतं. जोडीला शिरेतून सलाइन.

ॲडेफोविरचं काय झालं? एचआयव्हीसाठी ते रोज ६० ते १२० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. सुरुवातीचे महिने बरे गेले, पुढे रुग्णांचं क्रिएटिनिन वाढू लागलं. १९९९ मध्ये मान्यता नाकारली गेली. २००२ मध्ये तेच औषध हिपॅटायटिस बीसाठी मान्य झालं, पण रोज फक्त १० मिलिग्रॅम!

२००१ मध्ये आलेलं टेनोफोविर बहुतेकांना सोसलं, म्हणून जगभर गेलं; आपल्याकडच्या एआरटी केंद्रांतही तेच मुख्य औषध झालं. तरी काहींच्या मूत्रपिंडाला त्याचाही त्रास होतोच. २०१५ मध्ये त्याचं नवं रूप आलं: ३०० मिलिग्रॅमचं काम २५ मध्ये, कारण रक्तात कमी राहून ते पेशींत जास्त पोचतं.

चाचण्या काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत संपतात. एचआयव्हीचं औषध मात्र जन्मभर घ्यायचं असतं. सावकाश होणारी इजा पाहायला कुणीतरी पाहत राहावं लागतं. आज एआरटी केंद्रात क्रिएटिनिन तपासायला रक्त घेतात, त्यामागे ॲडेफोविर घेतलेल्या त्या रुग्णांचा अनुभवही आहे. औषध आपल्या मनाने बंद करू नये, आणि ही तपासणीही चुकवू नये.